गालिचा घेताना आधी पालथा घाला: माझे तीन गालिचे, मार्कांसकट

आधी मार्क सांगून टाकते, घाईतल्या लोकांनी तेवढे वाचून गेलं तरी चालेल. पहिला गालिचा नवाकोरा, शोरूममधला, 'हॅण्डमेड' म्हणून घेतलेला, पाचात अर्धा. दुसरा जुना, वापरलेला, इराणच्या हमदान भागातला, एका टोकाची झालर जवळजवळ गेलेली, मधे एका ठिकाणी लव (वरचे उभे मऊ धागे) झिजून खालचा दोरा दिसतो, तरी पाचात साडेचार. तिसरा नवा, उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा, हाताने गाठी मारलेला, पाचात चार. आणि तो अर्ध्या मार्काचा जो आहे ना, तो दुसऱ्याच्या दीडपट किमतीला पडला होता, हे लिहिताना आत्ताही दातओठ खातेय.

पहिल्याची कथा आधी, कारण माझं सगळं शिक्षण त्याच फीमध्ये झालं. दुकानाचं नाव घेत नाही. वरून पिवळे फोकस लाईट, दोन पोरं एकावर एक गालिचे सटासट उलगडतायत आणि सेल्समन सांगतोय की मॅडम पूर्ण हॅण्डमेड आहे, प्युअर वूल, पर्शियन डिझाईन. यातला एकही शब्द खोटा नव्हता बरं का! हाताने केलेला होताच, कारण ज्या पिस्तुलासारख्या यंत्राने ताणलेल्या कापडात लोकरीचे धागे घुसवत जातात ते यंत्र माणसाच्याच हातात असतं. याला टफ्टेड म्हणतात. धागे जागेवर राहावेत म्हणून पाठीमागून लेटेक्स थापतात, त्यावर एक कापड चिकटवतात, झालर वेगळी आणून शिवतात किंवा तीही चिकटवतात. गाठींच्या गालिच्यात लवेचा प्रत्येक धागा उभ्या दोऱ्यांवर गाठ मारून बसवतात, इथे गाठ एकसुद्धा नाही. गाठींचा जो गालिचा करायला काही महिने जातात तसाच वरून दिसणारा टफ्टेड काही दिवसांत उभा राहतो, आणि तो त्याच्या लायकीच्या भावात विकला तर माझं काहीच म्हणणं नाही, चार-पाच वर्षं वापरायला ठीक असतो. गाठींच्या भावात विकला तिथे माझं डोकं फिरतं.

अडीच वर्षांनी एक दिवस फरशी पुसायला म्हणून तो गुंडाळला तर खाली पिवळट पांढरी भुकटी पसरलेली, टाल्कम पावडर सांडावी तशी, आणि खोलीभर जुन्या सायकलच्या ट्यूबचा वास. मला आधी वाटलं भिंतीचं काहीतरी झडतंय. मग पाठीमागच्या कापडाची शिवण थोडी उसवून बघितली तर आत लेटेक्स सुकून त्याचे तुकडे पडत होते. लेटेक्स म्हातारं होतंच, ऊन आणि दमटपणा मिळाला की आणखी लवकर. दुकानात फोन केला तर उत्तर आलं की बिलावर हॅण्डमेडच लिहिलंय ना मॅडम. लिहिलं होतं खरं. 'हाताने गाठी मारलेला', इंग्रजीत हॅण्ड-नॉटेड, हे मात्र कुठेच लिहिलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

आता याच्या बाजूला हे ठेवून बघा. १९४९ साली सायबेरियाच्या अल्ताई डोंगरात पाझिरिक नावाच्या जागी बर्फात गोठलेल्या एका थडग्यात रशियन पुरातत्त्वज्ञांना एक गालिचा सापडला, साधारण दोन मीटर बाय पावणेदोन-दोन मीटर, इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकातला, गाठींचा, आणि त्यावरचे हरणं नि घोडेस्वार अजून ओळखू येतात. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज म्युझियममध्ये आहे. बर्फाची कृपा मान्य, पण चांगली लोकर आणि गाठ हे काय प्रकरण आहे ते त्यावरून समजतं. माझा अडीच वर्षांत भुकटी!

तर पालथा घालणं म्हणजे काय बघायचं. गालिच्याचा कोपरा उचला आणि पाठ बघा. पाठीवर कापड चिकटवलेलं दिसलं तर तो बहुतेक टफ्टेडच, पुढची चर्चा त्या हिशोबाने करा. कापड नसेल आणि पुढचं सगळं डिझाईन पाठीवरही तितकंच स्पष्ट असेल, प्रत्येक ठिपका किंचित वेगळा, ओळी कुठे कुठे जराशा वाकड्या, तर हाताच्या गाठींचा असण्याची शक्यता चांगली. मशीनचा पाठीमागून एकदम आखीव, सगळ्या ओळी पट्टीने मारल्यासारख्या, कडेला ओव्हरलॉकची शिवण. मग झालर. खऱ्या गालिच्यात झालर म्हणजे त्याच्याच ताण्याचे, म्हणजे उभ्या दोऱ्यांचे, बाहेर आलेले टोक असतात, ते आतून सगळ्या गालिच्यातून धावत आलेले असतात. बोटाने झालरीचा माग काढत आत जा, दोरा आत शिरताना दिसला पाहिजे. झालर नुसती कडेला शिवलेली असेल तर दोनच शक्यता, एक तर गालिचा मशीनचा किंवा टफ्टेड, नाहीतर खरा जुना असून टोक उसवलं म्हणून कुणीतरी झाकलंय. दुसऱ्या शक्यतेत काही पाप नाही पण भावात ते उतरलं पाहिजे. शेवटी पुढून लव बोटांनी फाकवा, मुळाशी गाठींची ओळ दिसली पाहिजे. हे सगळं करायला दोन मिनिटं लागतात आणि दुकानदार जर हे करू द्यायला का-कू करत असेल तर तेच तुमचं उत्तर.

गाठींचा आकडा हा एक वेगळाच बाजार आहे. एका चौरस इंचात किती गाठी हे मोजतात, आणि प्रत्येक ठिकाणची बोली वेगळी, पाकिस्तानी गालिच्यांना १६/१८ म्हणतात म्हणजे इंचात आडव्या १६ नि उभ्या १८, तब्रिझमध्ये ५० रज असं सांगतील, रज म्हणजे साधारण ७ सेंटीमीटर रुंदीत किती गाठी. नुसता मोठा आकडा ऐकून हुरळून जायचं नाही. काश्मिरी बारीक फुलापानाच्या नक्षीला घट्ट वीण लागतेच, नाहीतर फुलं चौकटीचौकटीची दिसतील. पण खेड्यातल्या भौमितिक नक्षीच्या गालिच्याला ७०-८० गाठी म्हणजे काही कमीपणा नाही, त्याची जाड लोकर हीच त्याची श्रीमंती. आणि मोजताना एक गोम आहे, जी मला गालिचे रफू करणाऱ्या एका चाचांनी दाखवली. गाठी दोन प्रकारच्या, एक तुर्की, जिच्यात धागा दोन्ही उभ्या दोऱ्यांना पूर्ण वळसा घालतो, आणि एक पर्शियन, जी एकाच दोऱ्याला पूर्ण वळसा घालते. तुर्की गाठ पाठीमागून बऱ्याचदा दोन गुठळ्यांसारखी दिसते. एकाच रंगाच्या दोन गुठळ्या शेजारी शेजारी, पण गाठ एकच. ज्याला आकडा फुगवायचाय तो दोन मोजतो, झाला डबल. म्हणून नक्षीतली एक गाठ रुंदीची बारीक रेघ शोधायची आणि तिथून मोजायचं.

या गाठींच्या नावातली एक गंमत सांगते. पर्शियन गाठीला जुन्या पुस्तकात सेन्ने गाठ म्हणतात, इराणमधल्या सेन्ने म्हणजे आताच्या सनंदज शहरावरून, आणि त्या सनंदजचे कुर्दी विणकर वापरतात ती तुर्की गाठ! तब्रिझ इराणमध्ये असूनही तिथेही मुख्यतः तुर्कीच. तेव्हा गाठ पर्शियन आहे म्हणजे गालिचा जास्त अस्सल वगैरे कुणी सांगायला लागलं तर मान डोलवा आणि पुढे चला. फसवणुकीची गाठ वेगळी, तिला जुफ्ती म्हणतात, दोनऐवजी चार उभ्या दोऱ्यांवर एक गाठ मारतात, काम निम्म्यात उरकतं, लोकरही कमी लागते आणि लव विरळ राहून लवकर झिजते.

सिल्कबद्दल थोडक्यात, कारण मी घेतलेला नाही, पण मैत्रिणीने घेतला. 'बांबू सिल्क', 'आर्ट सिल्क' ही नावं ऐकली की ते व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला कृत्रिम धागा) किंवा चकचकीत केलेलं सूत असतं, रेशीम नाही. आर्ट म्हणजे कला नव्हे, आर्टिफिशियल. तिच्या गालिच्यावर ग्लासभर पाणी सांडलं, नुसतं पाणी हो, तर सुकल्यावर तिथली लव चिकटून पिवळसर आणि राठ झाली आणि ती काही परत उभी राहिली नाही. खरं रेशीम ओळखायला दुकानदाराची परवानगी घेऊन झालरीतला नव्हे, लवेतला एक धागा काढून जाळायचा, रेशीम आणि लोकर दोन्ही केस जळल्यासारखे वास मारतात आणि राख चुरडली जाते, व्हिस्कोस आणि सूत कागद जळल्यासारखं जळतं. झालरीतला धागा जाळायला देऊन खूश करणारे लोक आहेत, झालर खऱ्या रेशमाची ठेवतात आणि लव भलतीच. तुर्कस्तानातलं हेरेके गाव रेशमी गालिच्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि गावाचं नाव कोपऱ्यात विणलेले नकली हेरेके दुसऱ्या देशांतून येतात. तेव्हा विणलेली सही हा पुरावा नाही.

आता माझा लाडका, दुसरा. वापरलेल्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे गठ्ठ्यात तळाशी होता, साधारण साडेचार बाय साडेसहा फूट, या मापाला इराणी बाजारात दोझार म्हणतात. गडद लाल, मधे पदकासारखी मोठी निळी नक्षी, कडेला उंटाच्या रंगाचा पट्टा आणि एका कोपऱ्यात नारिंगी रंगात विणलेला आकडा. व्यापाऱ्याने लगेच वाचला, १३२०. मग त्याने मोबाईलवर हिशोब करून दाखवला, हिजरी वर्ष आहे ताई, म्हणजे १९०२ साल, शंभरच्या वरचा, अँटिक. किंमतही अँटिकची.

हिशोब त्याचा बरोबर होता. हिजरी चांद्र वर्ष आपल्यापेक्षा अकरा-एक दिवसांनी छोटं असतं म्हणून आकड्याला ३३ ने भागायचं, येईल ते आकड्यातून वजा करायचं आणि ६२२ मिळवायचे. १३२० भागिले ३३ म्हणजे ४०, उरले १२८०, अधिक ६२२, झाले १९०२. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या अर्दबिलच्या प्रसिद्ध गालिच्यावर ९४६ विणलंय, त्याला हेच गणित लावा, १५३९-४० येतं. पण इराणने १९२५ मध्ये सरकारी व्यवहारात हिजरीचंच पण सौर कॅलेंडर घेतलं, आणि त्या कॅलेंडरचं वर्ष असेल तर भागाकार वगैरे काही नाही, सरळ ६२१ मिळवायचे. १३२० अधिक ६२१, १९४१. एकच आकडा, एकोणचाळीस वर्षांचा फरक, आणि गालिच्यावर कुठलं कॅलेंडर ते काही लिहिलेलं नसतं.

मी घरी येऊन दोन दिवस यावर डोकं खाल्लं. रंगावरून काही ठरतंय का बघितलं तर नाही, नारिंगी नक्की रासायनिक होता पण रासायनिक रंग दोन्ही वर्षी होतेच, पर्किन या इंग्रज रसायनज्ञाने पहिला रासायनिक जांभळा काढला तो १८५६ मध्ये आणि मंजिष्ठेच्या मुळीतला लाल, अलिझरिन, प्रयोगशाळेत तयार झाला १८६८-६९ च्या सुमाराला. मग चाचांना घेऊन गेले. त्यांनी आकड्याकडे बघितलंही नाही, गालिचा पालथा घातला आणि पाठीवर तळवा फिरवत बसले. मग आकड्याच्या मागची बाजू बघितली, तिथल्या गाठी आजूबाजूच्या गाठींइतक्याच दबलेल्या आणि मळलेल्या आहेत का. हे कशाला तर तीनाचा दोन करायला मोजून काही गाठी उपटून नव्या माराव्या लागतात आणि १३२० चं १२२० करून गालिच्याचं वय एका दुपारी शंभर वर्षांनी वाढवणारे लोक आहेत. (शून्य तर फारसीत नुसता ठिपकाच असतो, एखाद-दुसरी गाठ.) आकडा खरा निघाला. पण कुठला काळ, यावर चाचा म्हणाले, "ताई, दोन उत्तरं असतील तर स्वस्त उत्तराचे पैसे द्या. महाग निघालं तर तुमचा फायदा."

हे वाक्य मी तसंच्या तसं व्यापाऱ्याला ऐकवलं नाही, पण भाव मात्र १९४१ धरूनच केला, आणि शंभर वर्षं ही गोष्ट बाजूला ठेवून समोर काय आहे यावर घासाघीस केली. एका टोकाची झालर गेलेली आणि त्याबरोबर विणीच्या दोन-तीन ओळी गेलेल्या. मधे तळव्याएवढ्या भागात लव झिजून पांढरा दोरा दिसत होता. त्यावर मी ओला पांढरा रुमाल दाबून फिरवला, कारण अशा जागी मार्करने किंवा शाईने रंग भरून ठेवतात, दुकानात कळत नाही आणि पहिल्या धुण्यात सगळं उघडं पडतं. काही आलं नाही, झीज जशी होती तशी प्रामाणिक होती. मग त्याच रुमालाची दुसरी घडी लालवर मिनिटभर चोळली, कोरी. नारिंगीवर चोळली तर फिकट डाग आला. म्हणजे एक रंग कच्चा. हे पण भावात गेलं.

सगळ्यात महत्त्वाचं काय बघितलं तर त्याची तब्येत. दोन्ही हातांनी गालिच्याचा भाग धरून पाठ वर येईल असा दुमडायचा आणि कान द्यायचा. वाळक्या काटक्या मोडल्यासारखा कटकट आवाज आला तर आतला सुती दोरा कुजलाय, हा आजार बरा होत नाही, कितीही सुंदर असला तरी सोडून द्या. बहुतेक वेळा कुंडीखाली ठेवलेल्या जागी हे होतं, वरून नुसता एक गोल डाग दिसतो. मग दोघांनी धरून खिडकीसमोर उभा करायचा, उजेडाचे ठिपके दिसले की भोकं कळतात. आणि कसर. कसरीचे पतंग आपल्याला दिसतात पण खाणाऱ्या त्यांच्या अळ्या, त्या अंधारात, सोफ्याखाली, जिथे कुणी जात नाही तिथे लोकर खातात, आणि पुष्कळदा पाठीमागून गाठीच खातात, त्यामुळे वरून सगळं छान दिसतं आणि झाडू मारला की लवेचे पुंजके हातात येतात. पाठीवर जाळ्यासारखे धागे, वाळूसारखे बारीक कण दिसले तर दुसऱ्या कपड्यांजवळसुद्धा आणू नका. वास घ्या, अगदी नाक लावून घ्या, लाज वाटली तरी. कुत्र्या-मांजराने केलेलं दमट हवेत परत जागं होतं. शिवाय चारही बाजूंचा काठ सारखा आहे का बघा, एका बाजूला काठाचा एक पट्टा कमी असेल तर तो भाग कापून टाकलाय.

माझा यात पास झाला. पाठीमागून त्याची वीण बघण्यासारखी आहे, हमदानच्या गालिच्यात गाठींच्या दोन ओळींमधून आडवा दोरा एकदाच जातो म्हणून पाठीवर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक ठिपके एकाआड एक दिसतात, बुद्धिबळाच्या पटासारखे. ती खूण एकदा डोळ्यात बसली की मग लांबूनही ओळखता येते. मी एका रविवारी पट्टी घेऊन मोजलं, इंचात आडव्या ८, उभ्या ९, म्हणजे ७२. सगळ्या गालिच्यात तीन लाखांच्या वर गाठी. चांगला हात दिवसाला सहा-आठ हजार गाठी मारतो, तेव्हा कुणाचे तरी चाळीस-पन्नास दिवस माझ्या पायाखाली आहेत. हे कळल्यापासून मी त्यावर चपला घालून जात नाही.

रंगात एका ठिकाणी पट्टा पडलाय, लाल एकदम थोडा फिका होतो आणि तसाच पुढे जातो. याला अब्राश म्हणतात, लोकरीचा एक घाणा संपला आणि दुसऱ्या घाण्यात रंग थोडा वेगळा बसला की असं होतं. मला तो आवडतो, पण 'अब्राश आहे म्हणजे अस्सल' असं मानू नका कारण आता नव्या गालिच्यांत मुद्दाम घालतात, मशीनच्यासुद्धा. तसंच जुनेपणाचंही. नवा गालिचा केमिकलने धुऊन, टी वॉश, म्हणजे चहासारखा रंग, देऊन वर्षानुवर्षं वापरल्यासारखा विटका करतात. ओळखायचं असं की लव फाकवून मुळाशी बघायचं. उन्हाने उडालेला रंग टोकाला फिका, मग हळूहळू गडद होत मुळाशी जातो. केमिकलमध्ये एकदम रेघ मारल्यासारखा फरक दिसतो, किंवा सगळीकडेच सारखा पिवळट. आणि नुसतं डोळ्यांनी नाही, हाताने पण बघा, ब्लीच खाल्लेली लोकर कोरडी, चरचरीत लागते. जिवंत मेंढीची कातरलेली लोकर हाताला किंचित स्निग्ध लागते, मेलेल्या जनावराच्या कातड्यावरून केमिकलने काढलेली लोकर निस्तेज असते आणि चोळली की तुटते.

रफू झालेला गालिचा नको असं म्हणणारे भेटतात. अहो, तो अर्दबिलचा गालिचा, जो म्युझियमने १८९३ मध्ये २००० पौंडांना घेतला, तोच मुळी त्याच्या जोडीच्या दुसऱ्या गालिच्याचे तुकडे काढून दुरुस्त केलेला आहे, उरलेला जोडीदार लॉस एंजेलिसच्या म्युझियममध्ये आहे. रफू चांगला की वाईट एवढाच प्रश्न. फक्त घेण्याआधी रफूचा खर्च विचारून घ्या कारण नव्याने गाठी मारणं हे फार वेळखाऊ काम आणि एखादं मोठं भोक बुजवायला गालिच्यापेक्षा जास्त पैसे सहज जातात. मी झालरीचं टोक तेवढं शिवून पक्कं करून घेतलं, म्हणजे आणखी ओळी उसवणार नाहीत. झिजलेला तळवा तसाच ठेवलाय.

तिसरा, भदोहीचा. हा मुद्दाम नवा घेतला कारण मापात हवा होता, जुन्यात मनासारखं माप मिळणं म्हणजे नशीब. यावेळी मी सुधारले होते, बिलावर 'हाताने गाठी मारलेला', लव लोकरीची, ताणा-बाणा सुती, माप, बनवल्याचं ठिकाण, सगळं लिहून घेतलं. आणि घरी नेऊन दोन दिवस ठेवून बघते असं सांगितलं, कारण लव एका बाजूला झुकलेली असते, एका टोकाकडून बघितलं तर रंग उजळ आणि दुसऱ्या टोकाकडून दोन शेड गडद, दुकानात तुम्हाला नेहमी चांगल्या बाजूला उभं करतात. घरच्या उजेडात तो दोन्ही बाजूंनी बघितल्यावरच पैसे दिले. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

डिझाईनचं नाव आणि गाव यात गल्लत करू नका एवढं सांगते. माझ्या भदोहीच्याला दुकानात 'हेरिझ' म्हणत होते, हेरिझ इराणमधलं गाव आहे, माझा तिथून आलेला नाही आणि दुकानदाराने तसं सांगितलंही. काश्मीरमध्ये काशान, तब्रिझच्या नक्षी कित्येक वर्षं विणतात. 'बुखारा' तर त्याहून मजेशीर, ती अष्टकोनी ठशांची नक्षी तुर्कमेन टोळ्यांची, बुखारा हा त्यांचा माल विकायचा बाजार, आणि आज त्या नावाने मिळणारे बरेचसे गालिचे पाकिस्तानात होतात. त्यात वाईट काही नाही, फक्त 'हेरिझ' शब्दाचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. काश्मिरी गालिच्याला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे आणि २०२२ पासून क्यूआर कोडचं लेबलही येतं, तेव्हा काश्मिरी म्हणून घेताना ते मागा. बालमजुरीची काळजी असेल तर गुडवीव्हचं लेबल बघा, कैलाश सत्यार्थींनी १९९४ मध्ये रगमार्क म्हणून सुरू केलेलं तेच. अमेरिकेतल्या लोकांनी लक्षात ठेवायचं ते एवढं की तिथे ऑगस्ट २०१८ पासून इराणी गालिच्यांची आयात परत बंद झाली, त्यामुळे 'कालच इराणहून आला' असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा.

याचा एक मार्क का गेला? लव गळते. नव्या लोकरीच्या गालिच्याची पहिले काही महिने गळतेच, हे मला आधी माहीत होतं, तरी रोज कोपऱ्यात लोकरीचे गोळे जमलेले बघून जीव वैतागला. व्हॅक्यूम करताना फिरणारा ब्रश बंद ठेवायचा आणि झालरीवरून मशीन न्यायचं नाही. आता बरंच कमी झालंय. वर्षभराने परत मार्क देईन कदाचित.

'इन्व्हेस्टमेंट आहे मॅडम' हे वाक्य तिन्ही ठिकाणी ऐकलं. २०१३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज लिलावात सतराव्या शतकातला एक पर्शियन गालिचा ३ कोटी ३७ लाख डॉलरच्या वर गेला, ही गोष्ट खरी आहे आणि प्रत्येक विक्रेत्याला पाठ आहे. पण तो म्युझियममधून आलेला होता. आपल्यासारख्यांनी दुकानातून घेतलेला गालिचा परत विकायला काढला की किती मिळतात ते एकदा कुठल्याही व्यापाऱ्याला विचारून बघा, आधी मोठा उसासा ऐकू येईल. म्हणूनच जुना घ्यायला बरा, ती उतरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. आणि 'दुकान बंद होतंय, सत्तर टक्के सूट' वाल्या पाट्या, त्या कित्येक वर्षं बंदच होत असतात, आधी भाव तिप्पट लिहायचा मग सूट द्यायची. तसंच सहलीत गाईडने नेलेलं दुकान. गाईडचं कमिशन तुमच्याच बिलात असतं.

ऑनलाईन जुना घेत असाल तर पाठीचा जवळून फोटो मागा, शेजारी पट्टी ठेवून, चारही कोपऱ्यांचे, लव फाकवून एक, आणि साध्या दिवसाच्या उजेडात. पाठीचा फोटो न देणाऱ्याशी मी पुढे बोलतच नाही.

हमदानचा आणल्यावर आधी पालथा टाकला आणि त्यावरून आम्ही सगळे दोन दिवस चाललो, मग उचलला तर फरशीवर बारीक वाळूचा थर, त्याच्या आकाराचा, नीट आयताकृती. एवढी वाळू लवेच्या मुळाशी बसून लोकर कापत होती. तीनदा असं केलं तेव्हा कमी झाली. मग धुवायला दिला, हाताने, गार पाण्यात, आणि नारिंगी कच्चा आहे हे दोनदा सांगून आणि बिलावर लिहून. आला तेव्हा लाल रंग असा उघडला होता की नवऱ्याने विचारलं हा दुसराच आणलास का. नारिंगीची हलकी सावली शेजारच्या पांढऱ्यावर पडलीये, माहीत असलं तरच दिसते.

टफ्टेडवाला मी द्यायला काढला, फुकट, कुणी घेईना. चाचांना विचारलं तर त्यांनी हात लावून बघितला आणि काही न बोलता परत गुंडाळला.

आणि हमदानला साडेचार का, पाच का नाहीत, तर लव जाड आहे आणि खोलीचं दार त्यावर अडतं, पूर्ण उघडत नाही. दाराखालची फट मी मोजली नव्हती. चूक माझी आहे, मार्क त्याचा कापलाय.